वीस बळी कोण घेणार?

श्री. अजित आगरकर,
अध्यक्ष, राष्ट्रीय निवड समिती,
भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई यांस



येत्या २० जून २०२५ रोजी लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर इंग्लंडविरुद्धची पाच कसोटींची मालिका सुरू होतेय. रोहित शर्मा आणि विराट कोहली यांनी मे महिन्यात आठवड्याभराच्या आत पाठोपाठ कसोटी क्रिकेट सोडलं. त्याआधी डिसेंबरात, ऑस्ट्रेलियातली मालिका अर्ध्यावर असताना, अश्विनने ब्रिस्बेनला निवृत्ती जाहीर केली. इतकी मोठी माणसं एकामागून एक गेल्यावर नाक्यानाक्यावर एकच प्रश्न ऐकू येतो: आता धावा कोण करणार? सलामीला कोण, चौथ्या क्रमांकावर कोण, पंचविशीतल्या शुभमन गिलला कर्णधारपद आणि फलंदाजी दोन्ही झेपेल का? वर्तमानपत्रांचे रकानेही याच प्रश्नांनी भरताहेत.

मला धावांची धास्ती वाटत नाही. मला बळींची वाटते. तुम्ही स्वतः गोलंदाज होता, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितो आहे.

आधी धावांचाच हिशेब मांडतो, म्हणजे माझं म्हणणं हवेत राहणार नाही. इंग्लंडची फलंदाजी आज तगडी आहे, यात वादच नाही. झॅक क्रॉली आणि बेन डकेट सलामीला येतात. एक ताडमाड उजवा, दुसरा बुटका डावखुरा. एकासाठी जो टप्पा चांगला तो दुसऱ्याच्या सोयीचा. डकेट तर चेंडू सोडायला तयारच नसतो. गेल्या वर्षी राजकोटला त्याने आपल्या फिरकीवर स्वीप आणि रिव्हर्स स्वीपची बरसात करून १५३ धावा केल्या, त्या कोण विसरेल! मागे जो रूट आहे. १३ हजार कसोटी धावांचा टप्पा त्याने गेल्याच महिन्यात ओलांडला. त्याच्यासोबत हॅरी ब्रूक, ज्याने ऑक्टोबरात मुलतानला ३१७ धावांचा डोंगर रचला. मग बेन स्टोक्स, मग यष्टिरक्षक जेमी स्मिथ. नॉटिंगहॅमला झिम्बाब्वेविरुद्ध तर क्रॉली, डकेट आणि ऑली पोप या पहिल्या तिघांनीही शतकं ठोकली. समोरचा संघ दुबळा होता हे खरं, पण भूक दिसली.

आपली बाजू तुलनेने कच्ची आहे, पण पोकळ नाही. के. एल. राहुलने ओव्हल आणि लॉर्ड्स, दोन्हीकडे शतकं केली आहेत. ऋषभ पंतनेही इंग्लंडमध्ये दोन शतकं केली. ओव्हलला ११४ आणि एजबॅस्टनला १४६. त्याच एजबॅस्टनला जडेजाने १०४ केल्या. यशस्वी जैस्वाल इंग्लंडमध्ये अजून कसोटी खेळलेला नाही, पण याच इंग्लंडविरुद्ध मायदेशात एका मालिकेत ७१२ धावा आणि दोन द्विशतकं त्याच्या नावावर आहेत. साई सुदर्शनला सरेकडून कौंटी खेळल्याचा थोडा अनुभव आहे. गिलची बाजू मात्र खरंच उघडी आहे: इंग्लंडमधल्या तीन कसोटींत सहा डाव आणि सर्वोच्च धावसंख्या २८. तरीही त्याचं तंत्र आणि वय बघता हा आकडा या उन्हाळ्यानंतर असाच राहील असं मला वाटत नाही.

आणि करुण नायर. त्याला परत आणलंत याबद्दल तुमच्या समितीचे मनापासून आभार. इंग्लंडविरुद्ध चेन्नईत त्रिशतक करणारा हा फलंदाज २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यावर पाचही कसोटी राखीव खेळाडू म्हणून बसून होता. शेवटच्या कसोटीत जागा रिकामी झाली, तेव्हा दौऱ्याच्या मध्यावर बोलावलेल्या हनुमा विहारीला ती मिळाली. करुण होता तिथेच राहिला. पुढे कर्नाटकातून बाहेर पडून तो विदर्भात आला. यंदा नागपुरात केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात शतक ठोकून त्याने विदर्भाला रणजी करंडक जिंकून दिला, हंगामात ८६३ धावा केल्या, आणि आता कँटरबरीला इंग्लंड लायन्सविरुद्ध २०४. माणसाला संघात घेणं आणि मैदानात उतरवणं यातलं अंतर त्याच्याइतकं कुणी सोसलं असेल? हो, एक जण आहे. त्याच्याकडे येतोच.

आपल्या या कच्च्या फलंदाजीसमोर इंग्लंडची गोलंदाजी कशी आहे? जेम्स अँडरसनला गेल्या जुलैत लॉर्ड्सवर ७०४ बळींनिशी निरोप दिला. स्टुअर्ट ब्रॉड ६०४ बळी घेऊन त्याआधीच्या वर्षी गेला. भारत इंग्लंडमध्ये कसोटी मालिका खेळतोय आणि समोर अँडरसन नाही, असं २००२ नंतर पहिल्यांदाच घडतंय. मार्क वुडच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, गस ॲटकिन्सन पहिल्या कसोटीला नाही. उरले ख्रिस वोक्स, ब्रायडन कार्स, जॉश टंग, ऑफस्पिनर शोएब बशीर आणि मांडीच्या दुखापतीतून उठलेला स्टोक्स. वोक्स घरच्या मैदानावर उत्तम गोलंदाज आहे, कार्स दांडगट आहे. पण २०१४, २०१८ मध्ये आपल्या फलंदाजांची झोप उडवणारा मारा हा नव्हे. राहुल-पंत-जैस्वाल-गिल यांना इथे धावा मिळतील. मिळायलाच हव्यात.

म्हणजे मालिकेचा निकाल धावांवर ठरणार नाही. दोन्ही संघ धावा करणार. समोरच्याचे वीस गडी कोण बाद करतो, यावर सारं ठरेल. या कसोटीवर दोन्ही संघ शेजारी ठेवले, की माझ्या पोटात गोळा येतो.

आपल्याकडे जसप्रीत बुमरा आहे. जगातला आजचा सर्वोत्तम गोलंदाज, याबद्दल दुमत होऊ नये. ऑस्ट्रेलियात त्याने पाच कसोटींत १३.०६ च्या सरासरीने ३२ बळी घेतले. पण त्या मालिकेचा दुसरा अर्थही डोळ्यांपुढे आणा. बुमरानंतर सिराजचे २० बळी, आणि मग थेट उतार. अश्विन, जडेजा, वॉशिंग्टन सुंदर या तिन्ही फिरकीपटूंच्या बळींची बेरीज दोन आकडी झाली नाही. मेलबर्नला चौथ्या दिवशी संध्याकाळी लायन आणि बोलंड ही ऑस्ट्रेलियाची अखेरची जोडी खेळपट्टीवर ठाण मांडून बसली होती. दोघेही अकरा जणांतले तळाचे. आणि दर वेळी चेंडू पुन्हा बुमराच्याच हातात जात होता. त्या जोडीने ६१ धावा जोडल्या. त्या एका कसोटीत बुमराने ५३ षटकांहून जास्त टाकली. पुढच्याच कसोटीत सिडनीला पाठ गेली, दुसऱ्या डावात तो गोलंदाजीला येऊच शकला नाही, आणि १६२ धावांचं लक्ष्य ऑस्ट्रेलियाने गाठलं. एका माणसाच्या पाठीवर आपण मालिका ठेवली होती.

आता संघ जाहीर करतानाच तुम्ही सांगितलंत, की बुमरा पाचही कसोटी खेळण्याची शक्यता कमी. तो तीनच खेळेल असं आता सगळेच धरून चालले आहेत. निर्णय शहाणपणाचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग उरलेल्या दोन कसोटींत रूट आणि ब्रूक पन्नास-पन्नासवर खेळत असताना, चेंडू साठ षटकं जुना झालेला असताना, कर्णधार कुणाकडे बघणार?

याच प्रश्नावर इंग्लंड आपल्यापेक्षा वेगळा विचार करतो, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ब्रेंडन मॅक्युलम आणि स्टोक्स यांच्या पद्धतीला ‘बॅझबॉल’ म्हणतात, आणि लोकांना त्यात फक्त षटकार दिसतात. मला त्यातली खरी गोष्ट बशीरच्या निवडीत दिसते. सॉमरसेट कौंटीत जॅक लीच असल्यामुळे बशीरला जागा नव्हती. गेल्या वर्षी त्याला उसनवारीवर वूस्टरशायरला पाठवलं. तिथे जूनमध्ये सरेच्या डॅन लॉरेन्सने त्याच्या एका षटकात लागोपाठ पाच षटकार मारले. ते षटक ३८ धावांना पडलं. आपल्याकडे असं झालं असतं तर त्या मुलाचं नाव पुढची दोन वर्षं कुणी काढलं नसतं. इंग्लंडने पुढच्याच महिन्यात, ज्या लीचमुळे त्याला कौंटीत जागा नव्हती त्याच लीचला वगळून, बशीरला कसोटीत उतरवलं. ट्रेंट ब्रिजला वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने दुसऱ्या डावात पाच बळी घेतले. उंचीवरून सुटणारा त्याचा चेंडू चांगल्या फलंदाजाला बाद करू शकतो, एवढं त्यांनी पाहिलं आणि निर्णय घेतला. त्याच्या फलंदाजीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फलंदाजी त्याला येतच नाही. त्याच्या सरासरीकडे बघितलं तर तो मोठा गोलंदाज नाही, आणि पुढे होईलच असंही नाही. पण तो संघात कशासाठी आहे हे त्याला, कर्णधाराला आणि ड्रेसिंग रूममधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपण काय केलं? २०२१ साली इंग्लंडमध्ये इंग्लंडविरुद्ध झालेल्या चारही कसोटींत अश्विन, त्या वेळचा जगातला अव्वल फिरकीपटू, पाणी घेऊन जात राहिला. २०२२ ला एजबॅस्टनला पुन्हा तेच. सातव्या क्रमांकावर जडेजा, आठव्यावर शार्दूल, म्हणजे फलंदाजी लांब. फलंदाजी खरोखर लांब झाली, पहिल्या डावात ४१६ झाल्या. आणि चौथ्या डावात ३७८ धावांचं लक्ष्य इंग्लंडने अवघे तीन गडी गमावून गाठलं. रूट आणि बेअरस्टो यांची नाबाद २६९ धावांची भागी फोडायला आपल्याकडे माणूसच नव्हता. त्यापुढच्या वर्षी ओव्हलला कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात अश्विन पुन्हा बाहेर, आणि ऑस्ट्रेलियाकडून २०९ धावांनी हार. इतक्या वेळा तीच चूक होते, तेव्हा ती चूक राहत नाही, सवय होते. न हरण्याची तजवीज आधी, जिंकण्याची मागून.

आठव्या क्रमांकाबद्दल तुमच्याशी बोलायला मला थोडा संकोच वाटतो, कारण भारतीय क्रिकेटमधली आठव्या क्रमांकाची एक अत्यंत देखणी खेळी तुमची आहे. लॉर्ड्स, २००२. ५६८ धावांचं लक्ष्य, सामना हातातून गेलेला, आणि तुम्ही नाबाद १०९. नेहरासोबत शेवटच्या जोडीसाठी ६३ धावा. लॉर्ड्सच्या फलकावर तुमचं नाव आहे, सचिन तेंडुलकरचं नाही. मुंबईकर म्हणून त्या शतकाचा मला आजही अभिमान वाटतो. पण तो सामना भारत १७० धावांनी हरला. पुढच्या वर्षी ॲडलेडला तुम्ही ४१ धावांत ६ बळी घेतलेत. ऑस्ट्रेलिया १९६ वर गडगडली, द्रविडने २३० चं लक्ष्य पार करून दिलं, आणि ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर भारताने वीसहून अधिक वर्षांनी कसोटी जिंकली. २६ कसोटींच्या तुमच्या कारकिर्दीत ही दोन कामं शिखरावर आहेत. सामना कोणत्या कामाने जिंकून दिला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्याच २००२ च्या मालिकेतली आणखी एक गोष्ट तुम्ही मैदानावरून पाहिली आहे. लॉर्ड्सला आपण एकटा कुंबळे खेळवला, हरलो. ट्रेंट ब्रिजला एकटा हरभजन, सामना अनिर्णित. तिसरी कसोटी हेडिंग्लेला. ढगाळ हवा, हिरवट खेळपट्टी. आणि गांगुलीने तिथे कुंबळे आणि हरभजन दोघांनाही घेतलं. वर नाणेफेक जिंकून पहिल्यांदा फलंदाजी. द्रविड १४८, सचिन १९३, गांगुली १२८. संजय बांगरच्या ६८ धावा तर सोन्याच्या. पण ६२८ धावांवर डाव सोडल्यावर इंग्लंडला दोनदा बाद करायचं बाकी होतं. कुंबळेने दोन डावांत सात बळी घेतले आणि भारत डावाने जिंकला. तुम्ही त्या अकरांत होता. १९८६ ला याच हेडिंग्लेवर कपिलच्या संघाने इंग्लंडला १०२ आणि १२८ मध्ये गुंडाळलं, तेव्हा वेंगसरकरांचं शतक आणि बिन्नीचा स्विंग सर्वांच्या लक्षात राहिला. पण दुसऱ्या डावात चार बळी मणिंदर सिंगचे होते, डावखुऱ्या फिरकीपटूचे. १९७१ ला वाडेकरांच्या संघाने ओव्हलला इतिहास घडवला, तेव्हा नवा चेंडू आबिद अली आणि एकनाथ सोलकर टाकायचे ते बहुतांशी त्याची लकाकी घालवण्यासाठी. पुढचं काम चंद्रशेखर, बेदी आणि वेंकटराघवन यांचं. चंद्राने ३८ धावांत सहा बळी घेतले. इंग्लंडमध्ये फिरकी चालत नाही, हे वाक्य आपणच आपल्या इतिहासाकडे पाठ फिरवून बोलतो. पाहुण्या गोलंदाजांमध्ये इंग्लंडच्या भूमीवर सर्वाधिक कसोटी बळी कुणाचे? शेन वॉर्नचे, १२९. मनगटाने चेंडू फिरवणाऱ्याचे.

आता मघाशी म्हटलेल्या माणसाकडे येतो. कुलदीप यादव.

मार्च २०१७ मध्ये धरमशालाला त्याने पदार्पण केलं आणि पहिल्याच डावात ऑस्ट्रेलियाचे चार बळी घेतले. जानेवारी २०१९ मध्ये सिडनीला पाच बळी. त्या वेळचे प्रशिक्षक रवी शास्त्री यांनी परदेशातला आपला पहिल्या पसंतीचा फिरकीपटू हाच, असं जाहीर केलं. त्यानंतरची कसोटी त्याला मिळाली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये. डिसेंबर २०२२ ला चटगावला पहिल्या डावात पाच आणि दुसऱ्यात तीन बळी, शिवाय ४० धावा, सामनावीर. पुढच्या कसोटीत तो बाहेर! सामनावीर ठरलेला गोलंदाज दुसऱ्याच सामन्यात बाकावर. तिथून पुढची कसोटी थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. आठ वर्षांत १३ कसोटी आणि त्यांत ५६ बळी, सरासरी २२.१६. असा गोलंदाज दुसऱ्या कोणत्याही देशात असता, तर संघाची यादी त्याच्या नावाने सुरू झाली असती.

आणि हा हिशेब इंग्लंडविरुद्ध विशेष बोलका आहे. गेल्या वर्षी हैदराबादला पोपने १९६ केल्या आणि आपण २८ धावांनी हरलो, तेव्हा कुलदीप बाहेर होता. विशाखापट्टणमला जडेजाच्या दुखापतीमुळे तो आत आला, आणि तिथून चारही कसोटी आपण जिंकल्या. चार सामन्यांत त्याचे १९ बळी. धरमशालाचा पहिला दिवस तर मी कितीदा तरी पुन्हा बघितला आहे. क्रॉली ७९ वर होता, पाय मोकळे झालेले, बॅट सुरेल वाजत होती. कुलदीपने चेंडू ऑफ स्टंपच्या बराच बाहेर हवेत सोडला. तो चेंडू वरून जाताना आणखी बाहेर सरकला, म्हणून क्रॉली त्याच्यामागे ड्राइव्हला गेला. आणि टप्पा पडल्यावर तोच चेंडू असा आत वळला की बॅट आणि पॅड यांच्यातून जाऊन यष्ट्यांवर आदळला. क्रॉली काही क्षण जागचा हलला नाही. पोपला त्याआधी यष्टिचीत केलं होतं, डकेटला झेलबाद. मग बेअरस्टो, मग स्टोक्स शून्यावर पायचीत. ३ बाद १७५ वरून इंग्लंड २१८ मध्ये आटोपली. यातले चौघे, क्रॉली, डकेट, पोप आणि स्टोक्स, लीड्सला पहिल्या पाच-सहा जणांत असणार आहेत. त्यांना कुलदीप हातातून वाचता येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे.

धरमशालाची खेळपट्टी आणि लीड्सची खेळपट्टी सारखी नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण क्रॉलीला चकवलं ते आधी हवेत. इंग्लंडमधल्या ड्यूक चेंडूची शिवण हाताची आणि उठावदार असते, बोटांना ती घट्ट सापडते. आणि खेळपट्टीचंच म्हणाल, तर इंग्लंडला हल्ली घरच्या खेळपट्ट्या फलंदाजीला सोप्या हव्या असतात, कारण त्यांना चौथ्या डावात पाठलाग करायचा असतो. हेडिंग्लेचाच अलीकडचा इतिहास बघा. २०१७ मध्ये वेस्ट इंडिजने तिथे ३२२ धावांचा पाठलाग केला. २०१९ मध्ये स्टोक्सने शेवटच्या गड्याला हाताशी धरून ३५९ चं लक्ष्य गाठलं. २०२२ ला न्यूझीलंडविरुद्ध २९६, २०२३ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २५१. तिथे चौथ्या डावात साडेतीनशे धावा हाताशी असूनही आपण निर्धास्त राहू शकणार नाही. पाचव्या दिवशी, सपाट खेळपट्टीवर, जुन्या चेंडूने, डकेट स्वीप मारत असताना बळी कोण काढणार याचं उत्तर नाणेफेकीआधी हवं.

कुलदीपविरुद्धचे मुद्दे मला ठाऊक आहेत आणि त्यांतला एकही मी उडवून लावत नाही. २०१८ मध्ये लॉर्ड्सला तो खेळला. नऊ षटकं, ४४ धावा, बळी नाही, आणि भारत डावाने हरला. पण त्या कसोटीचा पहिला दिवस पावसात वाहून गेला होता, हवा ओलसर होती, आणि आपल्या फलंदाजांनी पहिल्या डावात १०७ धावा केल्या होत्या. त्या सामन्यावरून त्याचं इंग्लंडमधलं भवितव्य ठरवणं अन्याय आहे. शिवाय तो आज तेव्हाचा गोलंदाज राहिलेला नाही. २०२१ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याने आपला रन-अप सरळ केला, चेंडूचा हवेतला वेग वाढवला. पूर्वी मागे सरून त्याला खेळायला जो वेळ मिळायचा, तो आता मिळत नाही.

वॉशिंग्टन सुंदरचा मुद्दा जास्त वजनदार आहे. गेल्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्ध पुण्यात कुलदीपच्या जागी त्याला घेतलं आणि त्याने सामन्यात ११ बळी घेतले. गहुंजेला मी तो खेळ बघितला, आणि पठ्ठ्याने अप्रतिम गोलंदाजी केली. पण ती खेळपट्टी पहिल्या दिवसापासून वळत होती. तिथे सँटनरने १३ बळी घेतले, आणि आपण सामनाही गमावला. वॉशिंग्टनला खेळपट्टीची मदत लागते. ती मदत लीड्सला किंवा मँचेस्टरला मिळाली तर त्यालाही जरूर खेळवा. जिथे मदत नाही, तिथे मनगटाचा गोलंदाज लागतो.

राहिला शार्दूल. याबद्दल लिहिणं जड जातं. पालघरहून लोकलने येऊन मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा मुलगा आपला आहे. ओव्हलला २०२१ च्या विजयात त्याच्या ५७ आणि ६० धावा होत्या, रूटची दांडीही त्यानेच उडवली. जोहान्सबर्गला सात बळी त्याचेच. त्याच्या हिमतीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण चौथा वेगवान गोलंदाज म्हणून डावात सात-आठ षटकं टाकायची आणि आठव्या क्रमांकावर वीस धावा करायच्या, या हिशेबाने त्याला घेणार असाल, तर ते त्याच्यावरही उपकार नाहीत. तळाच्या धावा गोलंदाजांकडून येतातच, जर ते गोलंदाज जिगरबाज असतील. लॉर्ड्सला २०२१ मध्ये शमी आणि बुमराने नवव्या गड्यासाठी ८९ जोडल्या. त्या दोघांना कुणी फलंदाजीसाठी घेतलं नव्हतं. ओव्हलला २००७ मध्ये कुंबळेने शतक ठोकलं. आणि कुलदीपची बॅटही काही बाहुलीची नाही. रांचीला ७ बाद १७७ असताना तो ध्रुव जुरेलसोबत १३१ चेंडू उभा राहिला, २८ धावा केल्या, आणि ७६ धावांच्या त्या भागीने कसोटी फिरवली.

गेल्या मार्चमध्ये पद्माकर शिवलकर गेले. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही. बेदी असताना दुसरा डावखुरा कुठे बसवणार, हे त्या काळाचं उत्तर होतं आणि निदान ते उत्तर तरी खरं होतं, कारण समोर बेदी होते. मुंबईकरांना ते शल्य आजही आहे; शिवाजी पार्कवर त्यांच्याविषयी बोलताना म्हातारी माणसं अजून हळहळतात. कुलदीपच्या बाबतीत अश्विन आणि जडेजा आठ वर्षं हे कारण होतं, आणि मीही ते मान्य करत आलो. आता अश्विन नाही. जडेजा सातव्या क्रमांकावर खेळो, त्याला हलवा असं कुणीच म्हणत नाही. पण दुसऱ्या फिरकीपटूची जागा जर आता आठव्या क्रमांकाच्या धावांसाठी जाणार असेल, तर तिशीत पोचलेल्या या मुलाला आपण काय सांगणार?

अंतिम अकरा दौऱ्यावर कर्णधार आणि प्रशिक्षक ठरवतात, हे मी जाणतो. तरी अठरा जणांत कुलदीपचं नाव तुमच्या समितीने घातलं आहे, म्हणजे तुम्हाला तो हवा आहे. गौतम गंभीर आणि गिल यांच्याशी तुमचं बोलणं होतच असेल. त्यांना सांगा, की लीड्सला कुलदीपला खेळवा, बुमरासोबत खेळवा, म्हणजे रूट-ब्रूकला एका टोकाला श्वास घ्यायला जागा मिळणार नाही. तिथे त्याला शंभर धावांत एकच बळी मिळाला, तरी बर्मिंगहॅमला पुन्हा खेळवा. इंग्लंडने बशीरच्या ३८ धावांच्या षटकानंतर जो धीर दाखवला, त्याच्या निम्मा तरी दाखवा. या मालिकेआधी भारत एजबॅस्टनला एकही कसोटी जिंकलेला नाही, मँचेस्टरलाही नाही. बुमरा जिथे विश्रांती घेईल, त्या दोन्ही कसोटींत कुलदीप असलाच पाहिजे. आणि त्या सामन्यांत पहिल्या तासात त्याला पाच चौकार बसले, तर गिलने त्याच्या हातातून चेंडू काढून घेऊ नये, एवढं त्याला आत्ताच, मालिका सुरू होण्याआधी, कुणीतरी मोठ्या माणसाने सांगायला हवं. तो मोठा माणूस तुम्ही व्हा.

कळावे.

आपला,
कसोटी क्रिकेटचा एक जुना प्रेक्षक
मुंबई, जून २०२५